कातळाच्या पोटांत किती मावतें?

शास्त्रीय निबंधाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत करावें कीं नाहीं, याविषयीं वाचकांत मतभेद संभवतो. ज्याला त्या शास्त्रांतलें कळतें त्यानें तें शास्त्रीय पत्रिकेंत करावें, इतरांनीं गप्प बसावें, असा एक पक्ष आहे. आणि प्रस्तुत लेखकाचा जन्म इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेला असल्यामुळें त्यानें तरी हा पक्ष मुकाट्यानें मान्य करावा, हें उचित. परंतु कांहीं निबंध असे असतात कीं, ते शास्त्रज्ञांच्या हातून निघून राज्यकर्त्यांच्या हातीं जातात, तेथून वृत्तपत्रांत येतात, आणि शेवटीं तुमच्याआमच्या जमिनीवर येऊन उभे राहतात. या प्रवासांत एखादें विशेषण वाटेंत गळून पडलें, तर त्याची विचारपूस करण्याचा अधिकार भाषेच्या शिक्षकाला असावा, एवढीच आमची मागणी आहे.

ज्या निबंधाविषयीं लिहावयाचें तो मुंबईच्या आय्. आय्. टी. मधील प्रा. विक्रम विशाल व त्यांचे सहकारी यांचा असून २०२१ सालीं तो एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायॉक्साइड—यापुढें सोयीसाठीं त्याला कर्बवायु म्हणूं—वेगळा काढून जमिनीच्या पोटांत पुरावयाचा झाल्यास भारताच्या भूगर्भांत तो एकंदर किती मावेल, याचा हिशेब त्यांत केला आहे. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, याच विषयाचें धोरण कसें असावें आणि तें अंमलांत कसें आणावें, यावर नीति आयोगाचें एक विस्तृत प्रतिवेदन निघालें. पहिल्यांत भूमीचा हिशेब आहे, दुसऱ्यांत पैशाचा. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय एकाचाहि अर्थ नीट लागत नाहीं.

हें वाचन नागांवीं बसून करण्यांत एक सोय आहे. अलिबागच्या उत्तरेस थळ, दक्षिणेस आक्षी व नागांव, आणि आणखी खालीं जाऊन रेवदंड्याची खाडी ओलांडली कीं साळाव. थळास १९८० नंतरच्या दशकांत उभारलेला खताचा कारखाना आहे. साळावास नैसर्गिक वायूच्या साह्यानें लोहखनिजापासून स्पंज आयर्न करण्याचा कारखाना आहे. मधल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत राहणाऱ्यांना ठाऊक नसलें तरी, कर्बवायु वेगळा काढण्याचा जो उद्योग आज नवा म्हणून सांगितला जातो, तो आमच्या या दोन टोंकांना वर्षानुवर्षें चालू आहे. थळाचा कारखाना अरबी समुद्राखालून आलेल्या वायूच्या भरंवशावर उभा राहिला. त्या वायूपासून अमोनिया करतांना कर्बवायु निघतो, आणि तो बाजूला काढल्याशिवाय अमोनियाचें काम पुढें सरकत नाहीं. म्हणून तो काढावाच लागतो. काढलेला कर्बवायु मग अमोनियाशीं पुन्हां जोडला कीं युरिया होतो. एक टन युरियांत सुमारें पाऊण टन (०.७३) कर्बवायु गुंतलेला असतो. पकडला खरा; पण तोच युरिया वाडींतल्या पोफळीच्या बुंध्याशीं पडला, त्याला पाणी लागलें, कीं मातींतील सूक्ष्म जीव थोड्याच दिवसांत त्याचें विघटन करतात आणि कर्बवायु हवेंत परत जातो. साळावास दिवसाला शंभर टनांपर्यंत कर्बवायु शुद्ध करून शीतपेयांच्या कामीं देण्याची सोय केली आहे. त्या कर्बवायूचा तुरुंगवास बाटलीचें झांकण उघडेपर्यंतचा! सांगण्याचा मुद्दा असा कीं, पकडणें ही या विषयाची जुनी व माहितीची बाजू आहे. ती खर्चाची आहे, विशेषतः कोळशाच्या वीजकेंद्रांत फार खर्चाची आहे, कारण निर्माण केलेल्या शक्तीचा बराच भाग तें पकडण्याचें कामच खाऊन टाकतें. पण ती अज्ञात नाहीं. पकडलेला वायु ठेवावयाचा कोठें, या प्रश्नांत खरी अडचण आहे; आणि प्रा. विशाल यांनीं नेमका तोच प्रश्न हातीं घेतला, हें त्यांच्या निबंधाचें पहिलें मोठेपण.

यापूर्वीं असे अंदाज झाले नव्हते असें नाहीं. २००६ सालच्या एका अंदाजांत एकंदर ५७२ अब्ज टनांचा आकडा आला होता. त्यांत खोल खडकांतील खाऱ्या पाण्याच्या थरांना ३६० आणि बेसॉल्टला २०० असे वांटे होते. हे गोल आकडे पाहिले कीं मामलेदार कचेरींतील नजरपाहणीची आणेवारी आठवते. नव्या निबंधांत शेताला सांखळी लावून मोजणी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे. देशांतील गाळाच्या खडकांचीं खोरीं, कोळशाचे थर, तेलाचीं क्षेत्रें, बेसॉल्टचे प्रदेश हे वेगवेगळे घेऊन त्यांची प्रतवारी लावण्याचें कंटाळवाणें काम निबंधकारांनीं केलें आहे, आणि कंटाळवाणें काम नीट करणाऱ्या माणसाविषयीं आमच्या मनांत नेहमींच आदर असतो. त्यांचा निष्कर्ष असा : तेलाचीं क्षेत्रें व खाणीच्या आवाक्याबाहेरचा कोळसा मिळून सुमारें ७ अब्ज टन, खाऱ्या पाण्याच्या थरांत २९१ अब्ज टन, बेसॉल्टांत ९७ ते ३१६ अब्ज टन, एकूण ३९५ ते ६१४ अब्ज टन.

वाचकानें येथें जरा थांबून एक सोपी वजाबाकी करावी. ६१४ मधून ३९५ गेले, राहिले २१९. आतां बेसॉल्टच्या ३१६ मधून ९७ काढा, तेहि २१९. म्हणजे साऱ्या देशाच्या या हिशेबांत जेवढी म्हणून शंका बेरजेपर्यंत पोंचली आहे, ती सगळी एकट्या बेसॉल्टची आहे. आणि बेसॉल्ट म्हणजे बहुतांशीं आपला दख्खनचा काळा कातळ. ज्याचे किल्ले बांधले, ज्यांत वेरूळचें कैलास कोरलें, आणि ज्यांत विहीर खणतांना कोकणांतल्या कित्येक पिढ्यांच्या पहारी बोथटल्या, तोच. तेव्हां महाराष्ट्रांतल्या वाचकाला या निबंधाशीं कर्तव्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

हा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर चढून झाला. त्या उद्रेकांबरोबर विपुल कर्बवायु हवेंत आला, असें भूशास्त्रज्ञ सांगतात. ज्या खडकानें एके काळीं हा वायु ओकला त्यालाच आज तो परत गिळण्यास सांगावयाचें, ही कल्पना पुराणांतल्या शापोद्धारासारखी वाटली तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीनें ती मुळींच हास्यास्पद नाहीं. बेसॉल्टांत कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचा भरणा असतो. पाण्यांत विरघळलेला कर्बवायु त्यांच्याशीं संयोग पावला कीं त्याचा दगड बनतो. आइसलंडांत २०१२ सालीं दोनअडीचशें टन वायु पाण्यांत विरघळवून बेसॉल्टांत सोडला, आणि त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक वायु दोन वर्षांच्या आंत दगड होऊन बसला, असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांत वॉलूला येथें २०१३ सालीं सुमारें हजार टन वायु पुरला. पुढें तेथून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कर्बयुक्त खनिजांच्या गांठी सांपडल्या. हे वृत्तान्त वाचतांना आम्हांला कादंबरी वाचल्याचा आनंद झाला, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांची व्याप्ति ध्यानांत घेतली पाहिजे. एकीकडे हजार टन, आणि दुसरीकडे आपल्या हिशेबांतले कमींत कमी सत्त्याण्णव अब्ज टन!

शिवाय कातळ कातळासारखा नसतो. आइसलंडचा खडक भूशास्त्राच्या मोजमापानें कालपरवाचा. त्याच्या छिद्रांत अजून जागा आहे. आपला कातळ म्हातारा. पुणें, नाशिक, जळगांव या जिल्ह्यांतील खाणींतून झिओलाइटचे जे देखणे स्फटिक निघतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसतात, ते मूळचे कोठले? लाव्हा निवतांना त्यांत राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या कालांतरानें खनिजांनीं भरून आल्या, तेच हे स्फटिक. ज्या पोकळींत आपण कर्बवायु भरावयाचा, तींत आधींच कोणी बिऱ्हाड करून राहिला आहे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं असणार. दुसरी गोष्ट पाण्याची. आइसलंडच्या रीतीनें एक टन वायु पुरण्यास सुमारें पंचवीस टन पाणी लागतें. ज्या मराठवाड्यांत चैत्र उजाडला कीं पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तेथील कातळ हिशेबांत धरतांना ही अट तळटीपेंत राहून चालणार नाहीं. समुद्राचें पाणी चालेल कीं काय, याचेहि प्रयोग झाले आहेत. तें चाललें तर सारी दृष्टि देशावरून कोकणकिनाऱ्याकडे वळेल, आणि मग आमच्या अष्टागरासारख्या ठिकाणांना एकाएकीं महत्त्व येईल. तें महत्त्व आम्हांला हवें आहे काय, याचा विचार आजच सुरू केलेला बरा.

तिसरी गोष्ट कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेला भूकंप धरणांत सांठलेल्या पाण्यामुळें ओढवला, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. दाबाखालीं द्रव पदार्थ खोल खडकांत शिरला असतां भूमि हलूं शकते, हें आपल्या प्रांताला पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. त्या भूकंपांच्या अभ्यासासाठीं गोठणें येथें तीन किलोमीटर खोल भोंक पाडलें, तें २०१७ मध्यें पुरें झालें. तेथें साडेबाराशें मीटरांच्या आसपास कातळ संपून खालचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. दख्खनच्या कातळाच्या अंतरंगांत इतकें खोल डोकावणारीं भोंकें फार थोडीं आहेत, आणि हें एक पाडलें तेंहि भूकंपासाठीं, कर्बवायूसाठीं नव्हे.

हें सारें लिहिल्यावर आमचा रोख बेसॉल्टच्या आकड्यावर आहे असें वाचकाला वाटेल. तसें नाहीं. ९७ ते ३१६ असा आकडा देणारा शास्त्रज्ञ स्पष्ट सांगतो आहे कीं, मला ठाऊक नाहीं; माझ्या चुकीचा पल्ला तिपटीहून मोठा आहे. याहून अधिक सचोटीची अपेक्षा कोणाकडून करावयाची? आमचा आक्षेप आहे तो २९१ वर. खाऱ्या पाण्याचे खोल थर म्हणजे देशाच्या भूगर्भाचा सर्वांत कमी तपासलेला भाग. तेलासाठीं भोंकें पाडणारे लोक तेल न लागतां खारें पाणी लागलें कीं कपाळाला हात लावून निघून येतात; त्या पाण्याचा पसारा किती, त्यावरचें छप्पर घट्ट आहे कीं फुटकें, हें पाहत बसण्यास त्यांना कोणी पैसे देत नाहीं. अशा थरांचा आकडा सारांशांत एकच यावा, खालची मर्यादा नाहीं, वरची नाहीं, आणि तो एकटा आकडा एकूण बेरजेच्या जवळजवळ अर्ध्यापासून पाऊणपर्यंत असावा, हें खटकतें. ज्या ठिकाणीं शंका मांडली तेथें ती वाचकाला दिसते. जेथें मांडली नाहीं तेथें ती नाहींच असा त्याचा ग्रह होतो. निबंधकारांचा तसा हेतु नसेल. पण वाचक हेतु वाचीत नाहीं, आकडा वाचतो.

आतां त्या गळून पडलेल्या विशेषणाविषयीं. हा सारा हिशेब 'सैद्धांतिक' आहे. या शास्त्रांत सांठवणीच्या चार पायऱ्या मानतात : खडकांत सैद्धांतिक दृष्ट्या किती मावेल, त्यांतलें भूशास्त्रीय अडचणी वगळून किती, त्यांतलें कायदा, खर्च व लोकवस्ती ध्यानांत घेऊन किती, आणि शेवटीं, जवळच्या कारखान्याशीं प्रत्यक्ष सांगड घालून किती. नागांवच्या वाडींतील विहिरीचा दाखला घेतला तर हें चटकन् समजेल. विहिरीचा घेर मोजून खोलीनें गुणलें कीं जें पाणी येतें तें सैद्धांतिक. वैशाखांत रहाट धरल्यावर पन्हळींत जें पडतें, तें निराळें. आणि पोफळी पहिल्या पाण्यावर जगत नाहींत. सभांतून व वृत्तपत्रांतून मात्र 'भारतांत सहाशें अब्ज टनांची सोय आहे' एवढेंच वाक्य फिरतें. 'सैद्धांतिक' हा शब्द वक्त्याच्या श्वासाला जड जातो कीं काय, न कळे.

त्या एका शब्दाची किंमत किती, हें नीति आयोगाच्या प्रतिवेदनाशीं ताळा घातला कीं दिसतें. २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कर्बवायु पकडण्याचें ध्येय तें प्रतिवेदन पुढें ठेवतें. ३९५ अब्जांना या आकड्यानें भागलें तर पांचशें वर्षांहून अधिक पुरेल इतकी जागा दिसते, आणि वाचक निश्चिंत होतो. पण ज्या जागा आपण खरोखर आंत शिरून पाहिल्या आहेत, म्हणजे तेलाचीं क्षेत्रें व कोळशाचे थर, त्यांच्या ७ अब्जांना भागलें तर साडेनऊ वर्षेंहि पुरत नाहींत. (आमच्या क्षितिजापलीकडलें मुंबई हाय हें क्षेत्र १९७४ सालीं सांपडलें, अर्ध्या शतकांत त्याची इंच न् इंच तपासणी झाली आहे, आणि तेंहि या सातांतच आलें.) पांचशें वर्षें आणि साडेनऊ वर्षें यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें सगळें न तपासलेल्या खडकांचें आहे. साऱ्या जगांत मिळून आज वर्षाला सुमारें पांच कोटी टन वायु पकडण्याची सोय आहे. उत्तर समुद्राखालीं नॉर्वेनें १९९६ पासून चालविलेला स्लाइपनरचा प्रयोग या विद्येंत आदर्श मानतात. त्यांत बरींच वर्षें वर्षाला सुमारें दहा लाख टन वायु खारट थरांत जात असे. तसे साडेसातशें प्रयोग आपण २०५० पर्यंत उभारावे, असा या ध्येयाचा सरळ अर्थ आहे.

प्रतिवेदन लिहिणारे लोक हुषार आहेत. कारखान्यांचे समूह करून एकाच नळानें वायु वाहून न्यावा, प्रारंभीं टनामागें रोख साह्य द्यावें, त्यासाठीं स्वतंत्र वित्तसंस्था काढावी, कर पुढें लावावा, ही मांडणी सुसंगत आहे. आणि सिमेंटसारख्या धंद्यांत, जेथें चुनखडी भाजतांना कर्बवायु निघाल्याशिवाय राहतच नाहीं, तेथें दुसरा उपाय आम्हांलाहि दिसत नाहीं. पण टनामागें पैसे द्यावयाचे झाल्यास तो टन मोजावयाचा कोणीं? पकडतांना, कीं पुरतांना, कीं पुरल्यावर तीस वर्षांनीं तो अजून तेथेंच आहे हें पाहून? अनुभवी माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं. याच कोकणकिनाऱ्यावर, गुहागर तालुक्यांत, दाभोळच्या वीजप्रकल्पाचा करार १९९३ मध्यें झाला. वीज लागो वा न लागो, केंद्राच्या क्षमतेचे पैसे विद्युत् मंडळानें द्यावयाचे, तेहि डॉलरशीं जोडलेले, अशी त्यांतली मेख होती. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेंतील गिरीश संत व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं त्या कराराचें कलमवार परीक्षण करून ती दाखवून दिली. त्यांचें ऐकण्यास सरकारला वेळ झाला नाहीं, आणि २००१ सालीं तें केंद्र बंद पडलें. संत २०१२ मध्यें अकालीं निवर्तले. कर्बवायूच्या या नव्या व्यवहाराला त्यांच्यासारखा वाचक मिळाला असता तर त्यानें प्रथम कोणतें पान उघडलें असतें, हें आम्हांला ठाऊक आहे : जोखीम कोणाच्या माथीं, हें जेथें लिहिलेलें असतें तें.

हें परीक्षण कडवट झालें असल्यास त्याचें कारण विरोध नव्हे, उलट आहे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि नागांव, चौल, रेवदंडा येथल्या वाड्यांतील माड व पोफळी एका दुपारींत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरण्यास सहासात वर्षें लागतात. ज्यांनीं त्या वर्षीं पुन्हां रोपें लावलीं त्यांच्या वाड्या आतां कोठें पूर्ववत् दिसूं लागल्या आहेत. समुद्र तापतो आहे आणि अरबी समुद्रांतील वादळांचा जोर वाढतो आहे, हें ज्यानें तीं झाडें पडतांना पाहिलीं त्याला समजावून द्यावें लागत नाहीं. म्हणून प्रा. विशाल यांचा आकडा खरा ठरावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. आणि इच्छा इतकी प्रबळ असली म्हणजे आकडा दुसऱ्यांदा तपासावा लागतो, कारण पहिल्यांदा तो तपासतांना आपण डोळे अर्धे मिटलेले असतात.

भाषेविषयीं थोडें. निबंधाची इंग्रजी कोरडी पण स्वच्छ आहे. कोष्टकें पाहणाऱ्याला वाट चुकण्याची भीति नाहीं. प्रतिवेदनाविषयीं तसें म्हणवत नाहीं. आद्याक्षरांच्या संक्षेपांची त्यांत इतकी गर्दी आहे कीं, सामान्य वाचकाला प्रत्येक पानावर मागें वळून पाहावें लागतें. निबंधकारांनीं आपल्या पुढल्या लिखाणांत २९१ ला खालची व वरची मर्यादा जोडावी, आणि गोठण्यासारख्या भोंकांतून निघालेल्या कातळाच्या नमुन्यांवर आइसलंडचा प्रयोग प्रयोगशाळेंत करून त्याचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, छापावे. तसेंच या सगळ्याचा पन्नासएक पानांचा मराठी सारांश कोणीतरी तयार करावा. थळ-वायशेतला खतकारखाना व्हावा कीं नाहीं याचा वाद १९७० नंतरच्या दशकांत पेटला, तेव्हां ज्यांच्या जमिनी जावयाच्या होत्या त्यांना कळेल अशा भाषेंत पुरेसें कांहीं लिहिलें गेलें नव्हतें, असें त्या वेळचीं माणसें अजून सांगतात. त्यांतलीं थोडीं हयात आहेत, आणि तीं चष्मा लावून वाचतात.